डाव्याला एक रेघ, उजव्याला दोन

हे सगळं मला नीट आठवतं, अशी खात्री मी देणार नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं एवढं नक्की. नेमकं साल विचारलंत तर मी अडतो. संत तुकाराम नगरातल्या बागेत सकाळी आम्ही चार रिटायर्ड माणसं बसतो. कुणीतरी म्हणतं, "डॉक्टर, ती ट्रॅक्टरची गोष्ट होऊन जाऊ द्या," आणि मी सांगतो. दर वेळी थोडी वेगळी सांगतो, असा माझा मलाच संशय आहे.

जुनं मशीन उघडून पुन्हा बांधलं की टेबलावर एखादा वॉशर उरतोच. तो कुठला ते कळत नाही, फेकवतही नाही. मग तो ड्रॉवरमध्ये जातो. कंपनीतले किस्से असेच साठतात. एका बागेतल्या ट्रॅक्टरचे सहा-सात वॉशर माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. एक सोडून बाकीच्यांची जागा मला ठाऊक आहे.

*

आधी 'डॉक्टर' कसा झालो ते सांगतो. अरुंद फटीतून तेल कसं वाहतं, यावर मी परदेशात चार वर्षं घालवून प्रबंध लिहिला. पिंपरीतल्या आमच्या कंपनीत त्याचा उपयोग इतकाच झाला की माणसं खोकला आणि मूळव्याध घेऊन माझ्या टेबलाशी यायला लागली.

त्यात ज्ञानूबा होता. कंपनीचा माळी, पन्नाशी ओलांडलेला. कंपनीच्या आवारात त्याच्या घरची दोन शेतं गेली होती आणि बदल्यात त्याला नोकरी मिळाली होती. पाहुण्यांसाठी केलेल्या मोठ्या लॉनला तो 'विहिरीचा तुकडा' म्हणायचा, कारण कारंजं बांधलं तिथे पूर्वी त्याची विहीर होती. ते कारंजं बांधताना दगड अंगावर येऊन त्याचा उजवा खांदा गेला. हात हलायचा, पण त्यात जोर नव्हता.

एक दिवस त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि खांदा माझ्यासमोर धरला.

"डागदर, लई दुखतंय."

"ज्ञानूबा, मी तसला डॉक्टर नाही हो."

"मग कसलं?"

काय सांगणार? "तेलाचा," मी म्हणालो.

त्याने थोडा विचार केला. "मग लावा की तेल."

*

लॉन कापायला कंपनीकडे एक छोटा ट्रॅक्टर होता. परदेशातून आलेला एक इंजिनिअर तो आपल्या बंगल्याच्या बागेसाठी घेऊन आला होता आणि जाताना इथेच सोडून गेला होता. त्याला पॉवर स्टिअरिंग होतं. दोन बोटांनी स्टिअरिंगचं चाक फिरायचं. म्हणूनच ज्ञानूबाला तो चालवता यायचा.

चाकाच्या खाली नारळाएवढा एक लोखंडी डबा असतो, स्टिअरिंग युनिट. त्याच्या आत दातेरी तारा असतो. चाक फिरवलं की तारा फिरतो आणि तेल ढकलतो, डाव्या पाइपात किंवा उजव्या. त्या तेलाच्या जोराने पुढची चाकं वळतात. त्या वर्षी हे युनिट गळायला लागलं. महिन्याभरात चाक इतकं जड झालं की धडधाकट माणसालाही दोन्ही हातांनी ओढावं लागे. ज्ञानूबा छातीने रेटून वळवायचा.

पर्सोनेलच्या सबनीस साहेबांनी ते खिडकीतून पाहिलं. सबनीस वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर कागद आला की त्याला तो पुढे सरकवावा लागे, एवढंच.

"डॉक्टर, लॉन कंत्राटदाराला देऊन टाकू. म्हाताऱ्याला हलकं काम देऊ."

"कुठलं?"

"फाउंड्रीत. वाळू चाळायची."

वाळूची चाळण हलवायला खांदाच लागतो, हे मी त्याला सांगितलं. सबनीस खरोखरच खजील झाला. "मग ट्रॅक्टर दुरुस्त करा," तो म्हणाला. "दोन महिने देतो."

मी ज्ञानूबाला हे कळवलं. तो गुलाबाला आळं करत होता. मान वर न करता म्हणाला, "फौंड्री म्हंजी आमची चिंचंची पट्टी. तितं काय उगवत न्हवतं तवाबी."

*

दुरुस्तीला माझ्यासोबत उस्मानभाई होते. मेंटेनन्समधले फिटर, राहायला कासारवाडीला. मशीन उघडायच्या आधी ते त्यावर हात ठेवून दोन मिनिटं गप्प उभे राहत. मला वाटायचं, दुवा मागतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "नाही डाक्टरसाब, कुठं गरम लागतंय बघतो."

आम्ही बागेच्या शेडमध्ये युनिट उघडलं. पुस्तक नव्हतं. मी प्रत्येक भागाचं चित्र काढत होतो, त्यामुळे कामाला फार वेळ लागत होता. आत मटाराएवढी एक पोलादी गोळी असते, हे मला चित्र काढायच्या आधी कळलं नाही. युनिट उलटं केलं, टक्क आवाज आला आणि गोळी गेली.

गोळीशिवाय युनिट चालणार नव्हतं. मी, उस्मानभाई आणि ज्ञानूबा, तिघेही गुडघ्यांवर. स्टोअर्समधून लोहचुंबक आणलं. त्याला खिळे लागले, ब्लेडचे तुकडे लागले, ज्ञानूबाचं हरवलेलं खुरपंही लागलं. गोळी नाही. तेवढ्यात दारात सबनीस येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

उस्मानभाई खालूनच म्हणाले, "साहेब, डाक्टरसाबांची गोळी पडलीये. जेवणानंतर घ्यायची होती."

संध्याकाळी घरी बायकोने धुवायला टाकण्याआधी माझी पँट झटकली. तेव्हा पँटला खाली दुमड ठेवायची फॅशन होती. गोळी त्या दुमडीत होती. म्हणजे दिवसभर मी शेडमध्ये गोळी शोधत होतो आणि गोळी माझ्याबरोबर फिरत होती. इतर बाबतींतही माझं बहुधा असंच झालं असावं.

*

युनिटमधल्या रबरी रिंगा झिजल्या होत्या. परदेशात पत्र पाठवलं. उत्तर आलं की हे मॉडेल आता बनत नाही, नवा ट्रॅक्टर घ्यावा. तेव्हा रिंगा इथेच करून घ्यायच्या ठरल्या.

रिंग किती जाड हवी याचं गणित मी चार दिवस केलं. तेलाचा दाब, रबराचा ताण, फट, तापमान. अकरा पानं झाली. पाचव्या दिवशी आकडा घेऊन शेडमध्ये गेलो. उस्मानभाईंनी रबराचे तीन नमुने आणून ठेवले होते. त्यांनी एकेक अंगठ्याने दाबून पाहिला आणि मधला पुढे केला. मी मापला. माझाच आकडा.

"चार दिवस?" ते म्हणाले.

"गणित खरं निघालं ना पण."

"खरंच आहे. तुमचा कागदच लावा फायलीला. हापिसात अंगठा चालत नाही."

ज्ञानूबा दारात खुरपत होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"माजा चालला की," तो म्हणाला. "जिमीन घेताना."

उस्मानभाई पाना शोधायला लागले, खरं तर तो त्यांच्या हातातच होता.

*

मी फार व्यवस्थित माणूस आहे, आणि माझ्या बहुतेक चुका त्यातून झाल्या आहेत. युनिटच्या दोन पाइपांची अदलाबदल होऊ नये म्हणून मी दोन्हींना कागदी चिठ्ठ्या बांधल्या. उजव्याला 'उ.' आणि डाव्याला 'डा.' मग मला तापाने आठवडाभर घरी बसवलं.

परत आलो तर काम जिथल्या तिथे. "काय झालं?"

"एक पाइप कमी आहे ना," उस्मानभाई म्हणाले. "तुमची वाट बघतोय."

"माझी कशाला?"

"पाइप तुमच्याकडेच आहे."

तो माझ्या ऑफिसात, माझ्या टेबलावर, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेला होता. 'डा.' म्हणजे डाक्टर. उस्मानभाईंनी चिठ्ठी वाचली होती आणि डाक्टरांना हा पाइप तपासायचा असेल म्हणून स्वतः नेऊन ठेवला होता.

"आणि 'उ.' म्हणजे काय समजलात?"

"उस्मान," ते म्हणाले. "तो मी साफ करून लावून टाकला."

तेव्हापासून मी चिठ्ठी सोडली. आमच्या कंपनीत एक रीत होती: नट शेवटचा घट्ट केला की नटावरून खालच्या बॉडीवर जाणारी एक पिवळी रेघ ब्रशने ओढायची. नट नंतर कुणी हलवला की नटावरची रेघ आणि बॉडीवरची रेघ एकमेकींपासून सरकतात, आणि इन्स्पेक्टरला लांबूनही कळतं. मी ठरवलं, डाव्या पाइपाच्या नटाला एक रेघ ओढायची आणि उजव्याच्या नटाला दोन. रेघ कळायला वाचता यावं लागत नाही.

ज्ञानूबाला ही पद्धत आवडली. "हां. ह्ये आमच्यासारक्याला बी कळतंय."

*

युनिट बांधलं, बसवलं आणि इंजिन सुरू केलं. चाकाला कुणी हात लावला नव्हता. चाक आपोआप फिरायला लागलं. आधी हळू, मग गरगर, थांबेचना.

मी आतला तारा बसवताना दातावरची खूण धरली होती. धरायची होती दोन दातांमधल्या खाचेवरची. तेवढ्या चुकीने तेल स्वतःच चाक फिरवतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त एकच विचार होता, की मी ज्या विषयावर प्रबंध लिहिला तो हाच आहे.

ज्ञानूबाने टोपी काढली. "घुमाया लागलं," तो म्हणाला. "वारं आलंय त्येच्या अंगात."

उस्मानभाईंनी इंजिन बंद केलं. चाक थांबलं. मग ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "डाक्टरसाब, तेलाच्या डाक्टरची केस राहिली नाही ही. लिंबू आणू का?"

पुन्हा सगळं उघडलं. तारा एक खाच सरकवला. पुन्हा बांधलं, पाइप जोडले, नट घट्ट केले, आणि मी स्वतः पिवळ्या रेघा ओढल्या. डाव्याला एक, उजव्याला दोन. ज्ञानूबाने ट्रॅक्टर गेटपर्यंत नेला आणि परत आणला, दोन बोटांनी. चाक डावीकडे फिरवलं की ट्रॅक्टर डावीकडे वळत होता. वळत होता, असं मी तेव्हा जॉब कार्डावर लिहून सही केली. पुढे या सहीवर माझी किती झोप गेली ते मलाच माहीत.

*

ट्रॅक्टर बरा झाला, आणि त्यानेच घोटाळा केला.

स्टिअरिंग जड होतं तोवर कंत्राटदार मशीनकडे बघायलाही तयार नव्हता. आता ते दोन बोटांवर फिरतं म्हटल्यावर त्याने सबनीसला सांगितलं, मशीन कंपनीचं, ड्रायव्हर आमचा, अर्ध्या वेळात लॉन कापून देतो. कागद पुढे सरकला. परदेशी पाहुणे येणार होते. त्याआधी कंत्राटदाराच्या ड्रायव्हरने वर्क्स मॅनेजरसमोर लॉन कापून दाखवायचं, जमलं तर पुढच्या सोमवारपासून ज्ञानूबा फाउंड्रीत.

मी सबनीसकडे गेलो. "तुम्ही म्हणाला होतात, दुरुस्त करा म्हणून."

"छान केलंत की," तो म्हणाला. "इतकं छान की आता ते कुणालाही चालवता येईल."

हे मला शेडमध्ये जाऊन सांगावं लागलं. ज्ञानूबा आणि उस्मानभाई चहा पीत होते. मी सांगितलं, आणि माफीही मागितली. यंत्र बरं केलं आणि माणूस नकोसा झाला, असं काहीतरी मोठं वाक्यही बोललो.

ज्ञानूबाने बशी खाली ठेवली. "कुनालाबी चालवता येईल म्हंत्यात?"

"हो."

त्याने उस्मानभाईंकडे पाहिलं. उस्मानभाई म्हणाले, "तुम्ही घरी जा डाक्टरसाब. चेहरा उतरलाय तुमचा."

*

त्या आठवड्यात लॉनवर कापणीच्या रेघा वाकड्या यायला लागल्या. एरवी ज्ञानूबाचं लॉन वहीच्या पानासारखं आखलेलं असायचं. आता त्यावर सापाच्या वळणासारखे पट्टे दिसत होते, एके ठिकाणी तर पट्टा थेट कर्दळीच्या वाफ्यात शिरून बाहेर आला होता. मला वाटलं, खांद्याने पुन्हा डोकं वर काढलंय, किंवा त्याने धीर सोडलाय.

वर्क्स मॅनेजरने गाडी थांबवून विचारलं, "ज्ञानूबा, घेऊन येता का सकाळी?"

"न्हाई साहेब."

"मग हे वाकडं कसं?"

"गवातच वाकडं उगवलंय ह्या वर्साला."

सहाव्या दिवशी पट्टे पुन्हा सरळ झाले. सातव्या दिवशी चाचणी होती.

*

चाचणीला वर्क्स मॅनेजर, सबनीस, कंत्राटदार आणि मी कारंज्याजवळ उभे होतो. ड्रायव्हर तळेगावचा होता, चांगला, अनुभवी माणूस. तो बसला, चालू केला, सरळ रेषेत झकास गेला. कारंज्यापाशी डावीकडे वळायचं होतं. त्याने चाक फिरवलं आणि ट्रॅक्टर उजवीकडे, कर्दळीत. त्याने घाबरून चाक आणखी फिरवलं. कर्दळीतून गुलाबात. मग तो थांबला, खाली उतरला आणि मशीनकडे बघत उभा राहिला.

"उलटं हाय हे," तो म्हणाला. "साहेब, स्टेरिंग उलटं हाय."

"काहीतरी बोलू नका," सबनीस म्हणाला. "ज्ञानूबा, तुम्ही बसा पाहू."

ज्ञानूबा बसला. गुलाबातून मागे घेतला, कर्दळीला वळसा घातला, कारंज्याभोवती पूर्ण फेरी मारली आणि आमच्यासमोर आणून उभा केला. पानही हललं नाही. सगळे पुढच्या चाकांकडे बघत होते. मी एकटाच बाजूला होतो, म्हणून मला त्याचे हात दिसले. ट्रॅक्टर डावीकडे वळत होता तेव्हा हात उजवीकडे फिरत होते.

पाइप उलटे लागले होते. मी जोडून घेतले होते, मी रेघा ओढल्या होत्या, मी सही केली होती.

वर्क्स मॅनेजर माझ्याकडे वळला. "डॉक्टर, तुम्ही दुरुस्त केलंय. स्टिअरिंग उलटं आहे का?"

ज्ञानूबा माझ्याकडे बघत नव्हता. तो कारंज्याकडे बघत होता.

"मला खात्री नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी त्या कंपनीत इतक्या वेळा बोललो होतो की कुणी त्याकडे लक्षही दिलं नाही. वर्क्स मॅनेजर हसला, घड्याळ पाहिलं आणि सबनीसला म्हणाला, "जुनं मशीन आहे, जुनाच माणूस राहू दे." ज्ञानूबा रिटायर होईपर्यंत त्या ट्रॅक्टरवर राहिला.

दुसऱ्या दिवशी मी चुकीची कबुली लिहून शेडमध्ये नेली. उस्मानभाईंनी ती वाचली आणि घडी घालून माझ्याच खिशात ठेवली.

"चूक तुमची नाही."

"मग कुणाची?"

"मशीन जुनी आहे, डाक्टरसाब."

ते मनाने चांगले होते, म्हणून असं म्हणाले असणार. ट्रॅक्टर तिथेच उभा होता. वाकून रेघा पाहायला एक मिनिट लागलं असतं. मी वाकलो नाही. स्वतःची चूक इतक्या जवळून बघायचा धीर माझ्यात नव्हता.

*

बऱ्याच वर्षांनी सुनेबरोबर मोगऱ्याची रोपं आणायला तळेगाव दाभाड्याच्या एका नर्सरीत गेलो. कंपनीने तो ट्रॅक्टर लिलावात काढला तेव्हा नर्सरीवाल्याने घेतला होता. शेडनेटखाली उभा होता. तोपर्यंत उस्मानभाई गेले होते आणि त्यांच्या आधी ज्ञानूबाही.

"चालतो का?" मी विचारलं.

"रोज चालतो, काका."

"स्टिअरिंग?"

"लोणी."

"उघडलं होतं कधी?"

"छे. नुसतं तेल घालतो."

त्याने सुरू करून दिला. मी वर चढलो आणि चाक डावीकडे फिरवलं. ट्रॅक्टर डावीकडे वळला. उजवीकडे फिरवलं, उजवीकडे वळला.

मग मी इंजिन बंद करायला सांगितलं, खाली उतरलो, सून नको नको म्हणत असताना गुडघे टेकले आणि रुमालाने युनिटवरची माती पुसली. पिवळा रंग अजून होता. डाव्या पाइपाच्या नटावर एक रेघ, त्याखाली बॉडीवर एक. उजव्याच्या नटावर दोन, बॉडीवर दोन. मी जोडलं होतं तसंच, बरोबर. फक्त दोन्ही नटांवरच्या रेघा बॉडीवरच्या रेघांपासून अर्धं बोट पुढे सरकलेल्या होत्या.